हवा जायची वाट

पालकसभा साडेचारची.
पोवार साडेपाचला आले,
उद्यमनगरातून थेट, हातपाय न धुता;
कोपरापर्यंत काळी वाळू,
खुर्ची मळेल म्हणून उभेच.
बायको शेजारी. तिच्या पिशवीतून
मेथीची जुडी डोकावत होती.

मी वही उघडली. सहावी ब, एकतीस नंबर,
स्वरांजली पोवार.
अक्षर चांगलं. गृहपाठ वेळेवर.
वर्गात बोलत नाही.
जूनपासून एक वाक्य नाही, म्हटलं,
घरी जरा बोलतं करा तिला.
(त्या दिवशी सव्वीस घरांना मी हेच सांगत आले होते:
घरी वाचून घ्या, घरी पाढे घ्या, घरी, घरी.)

त्या हसल्या. पदर तोंडाला लावून, पण हसल्याच.
"बोलत न्हाई? ओ बाई, घरात तोंड मिटत न्हाई तिचं.
रोज सांजचं शाळा भरवती ओट्यावर.
तुरीचा डबा पयल्या बाकावर,
तिखटाची बरणी खोडकर म्हणून कोपऱ्यात.
आणि तुमी हुती."

मी?

"व्हय की. चष्मा न्हाई,
तर नुसतंच नाकावरनं बोट सरकवती.
म्हणती, सांगा बघू, पंचगंगेच्या पाच नद्या कुठल्या?
आता डबं काय सांगणार!
लगीच आपणच म्हणती, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती,
चला, पुढं."

पंख्याचं एक पातं घासत होतं.
मला माझाच आवाज ऐकू आला
डब्यांच्या रांगेवरून येणारा:
चला, पुढं.
एकोणीस वर्षं.
किती प्रश्न विचारले असतील
आणि उत्तर यायच्या आत
मीच पुसून टाकला असेल फळा.

कुणीच काही बोलेना, तेव्हा पोवार म्हणाले,
"मोल्डिंगला असतोय मी, बाई.
खालची पेटी, वरची पेटी. दोन्ही बरूबर बसाय लागत्यात,
सुताएवढी सरकली तर जॉब वाकडा.
ते सगळ्यास्नी कळतंय.
पर नवीन पोरगं आलं का वाळू ठोकतच बसतंय,
घट्ट, आणि घट्ट.
त्याला सांगाय लागतंय, सळई घाल, भोक पाड,
हवा जायला वाट ठेव.
न्हाईतर वरनं जॉब झ्याक दिसतोय,
आत पोकळ."
मग हातांकडं बघत, हळू,
"मीबी घाईच करतोय. दमून आल्यावर ती सांगाय लागली
की म्हणतोय, बरं बरं, जेव."

पोरगी म्हणजे बीड नव्हे, असं मी म्हणणार होते;
शिक्षकाला दुरुस्ती सुचतेच.
नाही म्हटलं.
त्यांचं वाक्य पुरं होऊ दिलं,
आणि पुरं झाल्यावरही थोडा वेळ.

प्रगतिपुस्तकावर त्यांनी सही केली.
नावाशेजारी काळं बोट उमटलं,
ते पुसायला गेले तर आणखी पसरलं.
राहू द्या, म्हटलं.
मेथी निवडायचीय म्हणत त्या उठल्या.

सोमवारी भूगोल.
फळ्यावर चार नद्या लिहिल्या.
पाचवी? विचारलं,
खडू टेबलावर ठेवला, हात मागे बांधले,
मनात आकडे मोजत राहिले.
चारला मुलं एकमेकांकडं बघू लागली.
सातला मागच्या बाकावर कुणीतरी खिदळलं.
नऊला माझीच जीभ दातांमागं जाऊन थांबली,
दाबून धरली.
चिखलीच्या संगमावर तासभर उभं राहा,
पाचवी काही दिसत नाही;
तरी मोजताना तिला कुणी वगळत नाही.

बारा.
तिसऱ्या रांगेत एक बोट
नाकावरून वर सरकलं,
चष्मा नसताना.